गोड्या पाण्यातला पाकट

घरात पाकट मासा आणायचा तर आधी मोठी टाकी लागते, आणि टाकीच्याही आधी घरातलं निदान एक माणूस आपल्या बाजूचं लागतं. माझ्याकडे टाकी होती.

वाशीम संपून शेतं सुरू होतात तिथं माझं घर आहे. मागे दीड एकरात मी भाजीपाला करतो. वांगी, मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. माणूस म्हणून मी वाईट नाही, पण राग माझ्या नाकावर बसलेला असतो आणि तोंड हाताच्या आधी चालतं. मुलीनं स्वतःच्या मनानं लग्न ठरवलं तेव्हा दारात उभं राहून मी तिला जे बोललो, ते इथं लिहिणार नाही. शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज बारीक करून ते ऐकलं होतं. मुलगी पिशवी घेऊन पुण्याला गेली आणि परत आली नाही. त्या दिवसापासून बायको माझ्याशी बोलेनाशी झाली.

भांडली असती तर मला चाललं असतं. भांडण मला जमतं. पण ती भांडलीच नाही. "जेवा." "लाईन आली." "सांभार उपटून ठेवला." एवढ्या तीन वाक्यांवर आमचा संसार दहा महिने चालला. मुलीचा फोन आला की ती अंगणात जायची, आणि मी अंगणात गेलो की ती फोन ठेवायची. घरात दोन माणसं आणि एक पंखा, त्यात पंखाच जास्त बोलायचा. माझा जीव गुदमरून जात होता, आणि हे मी कुणाला सांगणार होतो? सांगायचं ते माणूस तीच होती.

ठिबकचं सामान आणायला नागपूरला गेलो होतो, तेव्हा एका माशांच्या दुकानात मी तो पहिल्यांदा पाहिला. गोल, चपटा, तपकिरी, पाठीवर नारिंगी ठिपके. कोकणात समुद्रातल्या अशा माशाला पाकट म्हणतात, आमच्याकडे त्याला नावच नाही. हा गोड्या पाण्यातला होता. काचेजवळ आला आणि काचेला पोट लावून वर चढला. पोट पांढरंफटक आणि त्यावर तोंड असं, की तो हसतोय असंच वाटावं. आठ महिन्यांत माझ्याकडे बघून कुणी हसलं नव्हतं. मूर्खपणा होता, कबूल आहे. पण मी तिथंच अडकलो.

दुकानदारानं विचारलं, "भाऊ, याच्याआधी काय पाळलं हाय?"

"म्हशी," मी म्हणालो.

त्यानं मला दोन लाल-पिवळे मासे पिशवीत घालून घरी पाठवायचा पुष्कळ प्रयत्न केला. मी हटलो नाही. शेवटी त्यानं हात टेकले आणि एकेक गोष्ट समजावून सांगितली. हा मासा तळाशी राहणारा, म्हणून टाकीला उंची नको, पसारा पाहिजे. तळाला बारीक, मऊ वाळू, कारण तो तिच्यात अंग लपवतो. दगड नको, धारदार काही नको. पाणी गरम ठेवणाऱ्या कांडीवर जाळी पाहिजे, नाहीतर तो तिच्यावर जाऊन झोपेल आणि भाजून घेईल. शेपटीवर विषारी काटा असतो, तेव्हा जाळ्यानं धरायचं नाही, टोपल्यात घ्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाकट सोडण्याआधी टाकी चालू ठेवून पिकू द्यायची.

ही पिकण्याची गोष्ट मला लगेच कळली. कच्चं शेणखत मुळाशी घातलं की रोप जळतं, कुजलेलं घातलं की पोसतं. पाण्याचंही तसंच. माशाची घाण खाऊन टाकणारे जिवाणू आधी तयार व्हावे लागतात, नाहीतर मासा आपल्याच घाणीनं मरतो. दुकानदार म्हणाला, बहुतेक लोक इथंच चुकतात. मी चुकलो नाही. बैठकीतला दिवाण बाहेर काढून तिथं सात फुटी टाकी बांधून घेतली आणि दोन महिने स्वस्तातले चार मासे तिच्यात ठेवून थांबलो; ते नंतर दुकानात परत दिले. बाटल्यांतली औषधं थेंबथेंब टाकून पाण्याचा रंग तपासत राहिलो. एवढा धीर मी आयुष्यात दुसऱ्या कशासाठीही धरला नव्हता.

बायकोनं या दोन महिन्यांत टाकीकडे एकदाही पाहिलं नाही. झाडू मारताना टाकीच्या कडेकडेनं मारायची.

थर्माकोलच्या डब्यात बसून पाकट घरी आला त्या दिवशी मी डबा टाकीशेजारी ठेवला आणि ठिबकच्या बारीक नळीनं टाकीतलं पाणी थेंबथेंब डब्यात सोडायला लागलो. नव्या पाण्याची त्याला हळूहळू सवय व्हावी म्हणून. दोन तास लागतात त्याला. मी पाटावर बसलो होतो. थोड्या वेळानं लक्षात आलं, ती मागं उभी आहे.

"हे काय हाय?" ती म्हणाली.

दहा महिन्यांतला पहिला प्रश्न.

"मासा."

"चपटा काहून हाय मंग?"

"जन्मापासून तसाच."

ती वाकली. डब्यात नीट पाहिलं. "भाकरीवानी दिसून राह्यला," म्हणाली, आणि हसली. माझ्याकडे बघून नाही, त्याच्याकडे बघून. पण हसली ती माझ्या घरात.

त्यानंतरचे दिवस मी जपून वापरल्यासारखे जगलो. गांडुळांचं आमच्याकडे दुकानच होतं, खताचा वाफा मागेच होता. पहिले दोन दिवस मी खाऊ घातलं, तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या हातातून वाटी घेतली. गांडूळ बोटात धरून हात तळाशी नेला की तो वाळूतून उठायचा, तिच्या हातावर सगळं अंग पांघरायचा आणि खालच्या खाली गांडूळ ओढून घ्यायचा. "अगं माय, गुदगुल्या करते!" काट्याची भीती मीच दाखवायचो, तिला नव्हती. मेथी निवडायची ती टाकीजवळ बसून. निवडता निवडता त्याच्याशी बोलायची. आज बाजारात वांग्याला कुणी विचारलं नाही, शेजारणीची सून रुसली, पायात काटा गेला. हे सगळं आधी ती मला सांगायची. आता त्याला सांगत होती, पण मी त्याच खोलीत असायचो आणि मला ऐकू येत होतं. मला तेवढंही पुरत होतं.

मग एक दिवस तिनं व्हिडिओ कॉलवर मुलीला तो दाखवला. अंगणात नाही, घरात उभं राहून. मी स्वयंपाकघरात पाण्याचा ग्लास हातात घेऊन उभा राहिलो. मुलीचा आवाज आला, "आई, किती गोड आहे गं!" दहा महिन्यांनी तो आवाज घराच्या भिंतींना लागला. मग ती म्हणाली, "कुणी आणला?" बायको थोडं थांबून म्हणाली, "तुया बाबानं." पुढं काही बोलणं झालं नाही. पण त्या दिवसापासून मुलगी रोज त्याची चौकशी करायला लागली, आणि मी रोज ग्लास घेऊन उभा राहायला लागलो. तो मासा जगला पाहिजे होता. माझ्या घरातलं सगळं बोलणं त्याच्या एकट्याच्या पाठीवरून चाललं होतं.

पाण्याचं मात्र आमचं आधीपासून अवघड होतं. बोअरचं पाणी इतकं जड, की मोटारीच्या पाइपावर पांढरा थर चढतो. या माशाला मऊ पाणी लागतं. म्हणून आरओच्या प्लांटवरून जार यायचे. ते पाणी बर्फासारखं गार, तसंच ओतलं तर मासा गारठून मरेल. शिवाय जार लगेच परत द्यावे लागायचे. म्हणून पाणी कशात तरी काढून रात्रभर ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी टाकीत ओतायचं. मी अंगणातला निळा ड्रम धुवायला घेतला, तर ती धावत आली.

"त्या ड्रमात तुमी फवारनीचं औषध कालवता. डोकं ठिकान्यावर हाय ना?"

दहा महिन्यांनी ती माझ्यावर ओरडली. मला इतका आनंद झाला की मी ड्रम सोडून दिला. आणि ती बरोबरच होती. तिनं शिडी लावली आणि माळ्यावरून तिच्या लग्नातले चार तांब्याचे हंडे आणि घंगाळ खाली काढलं. तिच्या वडिलांनी दिलेले. एकदाही वापरले नव्हते. चिंच-मीठ लावून तिनं ते असे घासले की अंगणात ऊन पडल्यासारखं झालं.

"तांब्यातलं पानी म्हंजे दवा असते," ती म्हणाली. "तुमी नाई का पेत रोज सकाळी?"

पितो. माझे वडील प्यायचे, आमच्याकडे सगळेच पितात. तिनं तिच्या माहेरची वस्तू माझ्या वेडासाठी खाली काढली, याचंच मला इतकं अप्रूप वाटलं, की मी म्हणालो, "अशी अक्कल मला कुठं सुचते?" आठवड्यातून दोनदा टाकीतलं थोडं पाणी उपसायचं आणि हंड्यातलं ओतायचं. ते काम तिनं स्वतःकडे घेतलं. दर खेपेला चिंच, दर खेपेला मीठ.

दीड-दोन महिन्यांनी एक दिवस त्यानं गांडूळ घेतलं नाही.

पोट भरलं असेल, आम्ही म्हणालो. दुसऱ्या दिवशीही घेतलं नाही. बाजारातून झिंगे आणून सोलून दिले, त्यांनाही तोंड लावलं नाही. तो वाळूवर पडून राहायला लागला आणि त्याच्या अंगाच्या कडा वर वळायला लागल्या, तव्यावर विसरलेल्या भाकरीच्या वळतात तशा. डोळ्यांमागची श्वासाची भोकं भराभर उघडझाप करत होती. मी बाटल्या काढून पाणी तपासलं. सगळे रंग जिथं पाहिजे तिथं होते. पुन्हा तपासलं. पाणी चांगलं होतं आणि मासा मरत होता.

नागपूरला फोन केला. दुकानदार म्हणाला, "भाऊ, काही बी असो, पानी बदला. रोज बदला."

मग रोज. ती सकाळी हंडे घासायची, भरायची, दुसऱ्या सकाळी एकेक हंडा कमरेवर घेऊन टाकीत रिकामा करायची आणि पुन्हा घासायला बसायची. चिंचेनं तिच्या बोटांना भेगा पडल्या. भेगांत मीठ झोंबायचं, तरी एकही हंडा ती तसाच भरायची नाही. तो आणखी खंगला. आम्ही आणखी पाणी घातलं. गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. तो भला माणूस, टाकीसमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "म्हशीचं काही असलं तं सांगा." तिनं मीठ-मोहरी घेऊन टाकीवरून तीनदा ओवाळली आणि दृष्ट काढली. एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी मी म्हणालो, अजून एकदा काढ.

मुलगी रोज फोनवर विचारायची, "खाल्लं का त्यानं?" बायको "नाई" म्हणायची. रोज ते "नाई" आखूड होत गेलं. मला समोर सगळं दिसत होतं. हा गेला की टाकीशेजारचं बसणं जाईल, घरातला फोन पुन्हा अंगणात जाईल, आणि माझ्या वाट्याला "जेवा" तेवढं राहील. मी शेतात जाऊन वांग्याच्या झाडांवर ओरडून आलो. माझ्यात दुसरं काही करायची ताकदच नव्हती.

सहाव्या दिवशी सकाळी मी दुकानदाराला पुन्हा फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. लुच्चा आहेस, आजारी मासा गळ्यात मारलास. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे एकेक विचारत गेला. वाळू बदलली का? नाही. कांडीची जाळी? आहे. टाकीत कुठं लोखंड, पितळ, तांबं पडलं का?

"काही नाही," मी म्हणालो. "तेवढी अक्कल आहे मला."

आणि अंगणातून हंडा घासल्याचा आवाज आला.

मी विचारलं, "आणि बाहेर, पाणी तांब्याच्या भांड्यात ठेवलं तर?"

तो म्हणाला, "किती दिवसांपासून?"

मी सांगितलं.

"अरे भाऊ," तो म्हणाला, "मान्सासाठी ठीक हाय ते. याच्यासाठी तांबं म्हंजे जहर. अन् आरओचं पानी तं तांबं लवकर ओढते, त्याच्यात चिंचेनं घासलेलं भांडं. तुमी रोज दवा समजून जहरच ओतून राह्यले."

फोन कानाला तसाच होता, आणि दारातून ती आत आली. कमरेवर भरलेला हंडा, पदर खोचलेला. टाकीच्या काठावर तिनं हंडा टेकवला.

"ठेव खाली!"

माझा जुना आवाज. ती जागच्या जागी थांबली, हंड्यातलं पाणी तिच्या अंगावर सांडलं. तिच्या तोंडावर जे आलं ते मी आधी एकदाच पाहिलं होतं, दारात, मुलीच्या तोंडावर. पुढचं सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. तुझ्या माहेरच्या हंड्यांनी मारलं त्याला. एका श्वासाचं काम होतं.

मी ते गिळलं. कसं गिळलं मला माहीत नाही. "गार असेल गं ते," मी म्हणालो. "दुकानवाला म्हणतो, आता उन्हात तापलेलंच पाणी पाहिजे. जारमधलं. आजपासून मी बघतो, तू दमलीस."

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. हंडा उचलून बाहेर नेला आणि चारही हंडे भिंतीशी पालथे घातले. सुटलो, असं मला वाटलं.

मी अकोल्याला जाऊन कोळशाची भुकटी आणली, पाणी गाळायच्या मशीनमध्ये भरली. तांबं शोषून घेते म्हणे. प्लांटवाल्याच्या हातापाया पडून जार ठेवून घेतले आणि उन्हात ओळीनं मांडले. निम्मं पाणी काढलं, निम्मं भरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पहिल्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हा बायको अंगणात गेली आणि डोळे लाल करून परत आली. मी म्हणालो, "होईल तो बरा." ती हो म्हणाली. दोन दिवस मी तिच्याशी इतक्या हळू बोललो की माझा आवाज मलाच ओळखू येईना. ती मेथी न घेताच टाकीजवळ बसायची आणि हात पाण्यात सोडून ठेवायची. "नको जाऊ रे," म्हणायची. मी तिथंच बसायचो. आम्ही दोघं इतकं जवळ वर्षभरात बसलो नव्हतो, आणि मी तिच्यापासून हंड्यांचं लपवून बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. तिचा हात त्याच्या पाठीवरच होता. श्वासाची भोकं उघडली आणि तशीच राहिली. आम्ही बराच वेळ वाट पाहिली, पुन्हा मिटतात का म्हणून. मग तिनं हात बाहेर काढला.

"काहून गेला?" ती म्हणाली.

उत्तर मी तयार ठेवलं होतं. "माझ्यामुळं गेला," मी म्हणालो. "वांग्यावर फवारणी केली होती, हात नीट धुतले नाहीत आणि तसंच गांडूळ दिलं. तुला सांगायची हिंमत झाली नाही."

तिनं ओला हात पदराला पुसला. भेगा पडलेली बोटं एकेक करून.

"हंड्यायनं गेला तो," ती म्हणाली. "पोरीनं मोबाइलवर पाहून मले परवाच सांगतलं. मी तिले इचारलं होतं, हे येकायेकी हंडे काहून बंद केले म्हून. दोन दिवस मी वाट पाह्यली, तुमी आता माह्यावर ओरडान, मंग ओरडान. तुमी तं मलेच वाचवून राह्यले."

ती रडत होती आणि रडता रडता माझ्याकडे सरळ बघत होती.

"येवढं जपून बोलता येते तुमाले," ती म्हणाली. "मंग पोरीसंगं काहून नाई बोलले?"

वर्षभर मी सगळ्यांना सांगत आलो होतो, स्वतःलाही, की माझा स्वभावच तापट, राग आला की मला काही कळत नाही, त्याला मी काय करणार. ते सांगायला मी तोंड उघडलं. आणि बंद केलं.